दोनशे मिनिटांची वाटणी

वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरू लागला की मुंबईतील महाविद्यालयांच्या जिमखान्यांना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेध लागतात, आणि त्याच सुमारास या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरही बदलतो. यंदा बास्केटबॉलविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच गाऱ्हाणे आहे : कोणाला किती वेळ खेळवायचे आणि ते कोणी ठरवायचे. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची व महाविद्यालयांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. पश्चिम उपनगरातील एका महाविद्यालयाच्या जिमखान्याची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि वेगळा प्रशिक्षक नेमण्याइतकी तरतूद नसल्यामुळे मुलांच्या बास्केटबॉल संघाला मीच शिकवतो. मी स्वतः व्हॉलीबॉलचा खेळाडू; बास्केटबॉल वाचून आणि पाहून शिकलो. संघात १२ मुले आहेत. टीवायची पाच मुले तीन वर्षे एकत्र खेळत असून सुरुवातीच्या पाचांत आपणच असणार, हे त्यांनी गृहीत धरले आहे. यंदा एफवायला आलेले दोघे मात्र त्यांच्यातल्या दोघांपेक्षा उघडपणे सरस आहेत. गेल्या महिन्यात एका निमंत्रित स्पर्धेत सर्वांना खेळायला मिळावे म्हणून मी दर दोन मिनिटांनी बदल करत राहिलो. आम्ही हरलो, आणि त्याच रात्री संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून तीन मुले बाहेर पडली. मिनिटांची वाटणी न्यायाने करण्याची काही पद्धत आहे का?

उत्तर : तीन मुले ग्रुपमधून बाहेर पडली, संघातून नाही, हे आधी लक्षात घ्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरावाला आली असणार, असा माझा अंदाज आहे.

आता हिशेब. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा, मैदानावर एका वेळी पाच खेळाडू. म्हणजे आपल्याजवळ वाटायला एकूण २०० मिनिटे आहेत, त्यांत एकही वाढत नाही. बारा जणांत ती सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला १६ मिनिटे ४० सेकंद येतात. कागदावर हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात तुमचा सर्वांत चांगला खेळाडू निम्म्याहून अधिक सामना खुर्चीवर बसतो आणि ते कोणालाच, अगदी बाराव्या मुलालाही, पटत नाही. उलट पहिल्या पाचांना सरासरी २८ मिनिटे दिली तर १४० खर्च होतात, पुढच्या तिघांना १५ प्रमाणे ४५ मिळतात आणि उरलेल्या १५ मिनिटांत चार जण राहतात. आपण कितीही उलटसुलट मांडणी केली तरी तिघा-चौघांचा वाटा नाममात्रच राहणार. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला जेम्स नायस्मिथ यांनी हा खेळ काढला तेव्हा त्यांच्या वर्गात १८ विद्यार्थी होते, म्हणून त्यांनी सरळ नऊ-नऊचे दोन संघ केले आणि सगळ्यांना उतरवले. ती चैन पुढे कोणत्याही प्रशिक्षकाला परवडली नाही. त्यातून आपल्याकडचे बरेच सामने बाद पद्धतीचे. एक हरला की वर्षभराचा सराव आटोपला, म्हणून हात आणखीच आखडता येतो.

तेव्हा न्याय मिनिटांच्या समान वाटपात शोधू नये. माझ्या अनुभवाने, चार मिनिटे मिळणार हे आधीपासून ठाऊक असलेला मुलगा ती चार मिनिटे मन लावून खेळतो, आणि पंधरा मिळतील अशा समजुतीत असलेल्या मुलाला बारा मिळाली तरी तो धुमसत बसतो. मुले कमी मिनिटे सोसतात. आपली किंमत सामना सुरू असताना खुर्चीवर बसून कळावी, हे सोसत नाहीत.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. संघात शेवटच्या वर्षाचा एक मुलगा होता. उंची बेताची, हात साधारण, पण सरावाचा एक दिवस चुकवणारा नव्हे. त्याला कोणत्या सामन्यात, कशासाठी उतरवायचे याचा मी कधी विचारच केला नव्हता, आणि विचार केला नव्हता म्हणून त्याला काही सांगितलेही नव्हते. उपांत्यपूर्व सामन्याला त्याचे वडील अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. चौथ्या क्वार्टरमध्ये तो खुर्चीवर वाकून बुटाची नाडी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. चार-पाच वेळा तरी ते माझ्या नजरेला पडले. आम्ही वीसेक गुणांनी पुढे असताना, शेवटच्या मिनिटात मला जाग आली आणि मी त्याला उठवले. ट्रॅकसूट काढून तो स्कोअररच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. शिट्टी वाजून तो आत गेला तेव्हा घड्याळात ११ सेकंद उरले होते. चेंडूला त्याचा हात लागला नाही. सामन्यानंतर त्याने नेहमीप्रमाणे सर्वांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करून पिशवीत भरल्या, वडिलांबरोबर गेला, आणि त्यानंतर सरावाला आला नाही. त्याला अजिबात उतरवले नसते तर कदाचित इतके लागले नसते. अकरा सेकंद ही भीक होती आणि ती त्याला वडिलांसमोर घ्यावी लागली.

म्हणून पहिले काम हे करावे. स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी प्रत्येक मुलाला वेगळे बोलावून दहा मिनिटे द्यावीत. बोलावण्यापूर्वी त्याला एका चिठ्ठीवर दोनच ओळी लिहून आणायला सांगाव्यात : संघात माझे काम काय आहे, आणि मला किती मिनिटे मिळतील असे वाटते. आपणही आपली चिठ्ठी लिहून ठेवावी. दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर शेजारी ठेवल्या की पुढचे बोलणे आपोआप सुरू होते. बारांपैकी निदान चौघांच्या चिठ्ठ्या तुमच्या चिठ्ठीशी जुळणार नाहीत. ते स्पर्धेनंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेले बरे.

काम सांगताना मात्र ‘तू आपला सिक्स्थ मॅन’ (खुर्चीवरून सर्वांत आधी उतरणारा) किंवा ‘तू टीमचा आधार’ अशी बिरुदे देऊ नयेत. त्यातून मुलाच्या हाती काही लागत नाही. काम मैदानावरच्या भाषेत सांगावे. उदाहरणार्थ : ‘पहिल्या क्वार्टरची शेवटची तीन मिनिटे तू येशील. त्यांचा चेंडू पुढे आणणाऱ्या पॉइंट गार्डला त्यांच्याच अर्ध्यात गाठायचे, त्याला अर्धे मैदान ओलांडायला आठ सेकंद मिळतात, त्यांतले सहा तरी खाऊन टाकायचे. बास्केट नाही झाली तरी चालेल. दोन फाउल झाले तरी चालतील.’ किंवा दुसऱ्या क्रमांकाच्या सेंटरला, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच मुलाला : ‘आपल्या सेंटरचे पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल झाले की त्याच क्षणी तू उभा राहायचे. पाचव्या फाउलला तो कायमचा बाहेर जाईल आणि ते मला चौथ्या क्वार्टरमध्ये परवडणार नाही.’ हे ऐकलेला मुलगा सामना वेगळ्या नजरेने पाहतो. तो आपल्या सेंटरचे फाउल मोजत बसलेला असतो. तिसरा एखादा फ्री थ्रो (फाउलनंतर कोणी न अडवता मिळणारी फेक) चांगले टाकणारा असेल, तर क्वार्टरमध्ये समोरच्या संघाचे चार फाउल पूर्ण झाल्यावर, म्हणजे पुढच्या फाउलपासून आपल्याला दोन-दोन फ्री थ्रो मिळू लागल्यावर, त्याची पाळी आहे हे त्याला ठाऊक हवे. आणि प्रत्येकाला, अगदी बाराव्यालाही, ‘काय केलेस तर तुझी मिनिटे वाढतील’ हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ते वाक्य आपल्याला सुचत नसेल, तर त्या मुलाला संघात का घेतले, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारावा.

दर दोन मिनिटांनी बदल करण्याविषयी : हा बेत या खेळाच्या नियमांत बसतच नाही. शिट्टी वाजून खेळ थांबल्याशिवाय बदली मिळत नाही, आणि चौथ्या क्वार्टरची किंवा जादा वेळेची शेवटची दोन मिनिटे सोडली तर नुसती बास्केट झाली म्हणूनही मिळत नाही. कधीकधी तीन-तीन मिनिटे शिट्टीच वाजत नाही आणि तुमचा मुलगा टेबलाशी ताटकळतो. शिवाय खुर्चीवरून उठलेल्याला खेळाच्या वेगाशी जुळायलाच मिनिटभर लागते. तो जुळला की तुम्ही त्याला परत बोलावता. त्यापेक्षा वहीच्या आडव्या पानावर ४० घरे आखावीत, डाव्या बाजूला १२ नावे लिहावीत आणि कोण कोणत्या मिनिटाला आत असेल ते पेन्सिलीने रंगवावे. एका नावासमोर सलग चार-पाच घरे तरी यावीत. सामन्यात हा तक्ता जसाच्या तसा उतरणार नाही. पण दुसऱ्या क्वार्टरच्या मध्याला आपण गोंधळलो की तो पाहून हात स्थिर होतो.

आता आपल्या खऱ्या अडचणीकडे येतो : टीवाय आणि एफवाय. ज्येष्ठतेचा मान ठेवावा, पण तो मिनिटांत मोजून देऊ नये. महाविद्यालयीन संघातून दरवर्षी तिसरा हिस्सा मुले बाहेर पडतात. पुढच्या वर्षी ही पाचही मुले नसतील आणि एफवायच्या दोघांना यंदा खेळवले नसेल तर आपण पुन्हा पाटी कोरी करून बसाल. दोघा ज्येष्ठांपैकी ज्याला सुरुवातीच्या पाचांतून काढायचे, त्याला हे संघाची यादी फळ्यावर लागण्याआधी, एकांतात, आपल्या तोंडून कळले पाहिजे. आंद्रे इग्वाडाला या खेळाडूची हकीकत त्याला जरूर सांगावी. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधल्या पहिल्या दहा हंगामांत तो प्रत्येक सामन्यात सुरुवातीच्या पाचांत होता. २०१४-१५ च्या हंगामाआधी गोल्डन स्टेट वॉरियर्सचे नवे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी त्याला वयाने बऱ्याच लहान असलेल्या हॅरिसन बार्न्ससाठी खुर्चीवर बसायला सांगितले, आणि नियमित हंगामात त्याने एकही सामना सुरू केला नाही. अंतिम मालिकेत संघ १-२ असा मागे पडल्यावर चौथ्या सामन्यात कर यांनी त्यालाच सुरुवातीला उतरवले. वॉरियर्सनी पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू इग्वाडाला ठरला. मात्र एक सावधगिरी : ही गोष्ट सांगून टीवायच्या मुलाला शेवटच्या पाच मिनिटांत आपण उतरवणार नसाल, तर ती सांगूच नये. सामना कोण सुरू करतो आणि अटीतटीच्या वेळी कोण मैदानावर असतो, या दोन याद्या वेगळ्या असू शकतात. हे संघाला मोठ्याने सांगावे आणि एकदा तरी करून दाखवावे.

निवड आपल्या लहरीवर होत नाही, हे मुलांना दिसण्यासाठी सरावाची एक नोंदवही ठेवावी. हजेरी, सरावातल्या पाच-पाचच्या सामन्यांत कोणाची बाजू जिंकली, किती रिबाउंड (हुकलेल्या फेकीचे चेंडू) मिळवले, समोरच्याचे किती पास हाताला लागून वळले. नुसते गुण लिहिले तर मुले गुणांमागे धावतात आणि स्क्रीन लावायला, म्हणजे साथीदारासाठी समोरच्याची वाट अडवून उभे राहायला, कोणी उरत नाही. जखमी मुलाला सामन्यात वही देऊन प्रत्येक खेळाडू आत गेला तेव्हाचा व बाहेर आला तेव्हाचा गुणफलक लिहायला सांगावे. तो आत असताना संघ पुढे सरकला की मागे, हे आठ-दहा सामन्यांत दिसू लागते. एका सामन्याच्या आकड्यावरून कोणाला खाली बसवू नये. चार चांगल्या खेळाडूंबरोबर उतरलेल्याचा आकडा चांगलाच येतो.

ज्या चौघांना स्पर्धेत फार वाव नाही, त्यांच्यासाठी शेजारच्या महाविद्यालयाशी शनिवारी मैत्रीपूर्ण सामना ठरवावा आणि तो सामना त्यांनीच सुरू करावा, त्यांनीच संपवावा. याला खर्च काही येत नाही; दोन चेंडू आणि एक शिट्टी पुरते.

प्रश्न : आदरणीय सर, मी एसवाय बीकॉमला असून महाविद्यालयाच्या संघात गार्ड म्हणून खेळतो. मी डोंबिवलीहून येतो. साडेसहाच्या सरावासाठी पहाटे पाचच्या आसपासची लोकल पकडावी लागते. दोन वर्षांत मी चार-पाच दिवसांपेक्षा जास्त खाडा केलेला नाही. तरीही सामन्यात मला तीन-चार मिनिटे मिळतात आणि कधी तीही नाहीत. माझ्यापेक्षा सरावाला कमी येणारा एक जण कायम माझ्या आधी उतरतो. गेल्या सामन्यानंतर मी सरांना तिथेच विचारले तेव्हा ते चिडले. मित्र म्हणतात, सोडून दे आणि अभ्यासाकडे बघ. सरांशी पुन्हा कसे बोलावे?

उत्तर : सामना संपल्यावर पहिल्या तासात प्रशिक्षकाला काही विचारू नये, त्या वेळी त्याच्या कानात अजून हॉर्न वाजत असतो. दुसऱ्या दिवशी सरावानंतर, इतर मुले चहाला गेल्यावर, ‘सर, दहा मिनिटे हवी होती’ असे म्हणून वेळ माग. आणि प्रश्न बदल. ‘मला का खेळवत नाही’ या प्रश्नाला प्रशिक्षक स्वतःचा बचाव करू लागतो. ‘माझ्या खेळातली कोणती एक गोष्ट सुधारली तर तुम्ही मला दुसऱ्या क्वार्टरमध्ये बिनधास्त उतरवाल?’ या प्रश्नाला त्याला तुझ्या खेळाविषयी बोलावे लागते. दुसऱ्या मुलाचे नाव काढू नकोस. तो सरावाला कमी येतो हे सरांना तुझ्याआधी माहीत आहे. तरीही ते त्याला उतरवतात, याचा अर्थ त्यांना त्याच्यात काहीतरी दिसते. ते काय आहे, हे त्याच्याशी दोन-चार वेळा एकास एक खेळून तुलाच शोधता येईल.

इथे मी तुझ्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. हजेरीला मोल असलेच पाहिजे, आणि पहाटेची लोकल पकडणाऱ्या मुलाची दखल न घेणारा प्रशिक्षक चुकतो. पण हजेरीने खेळायला मिळण्याची दारे उघडतात, मिनिटे मिळत नाहीत. ती दुसऱ्या संघाच्या गार्डला अडवता येते की नाही यावर मिळतात. सरांनी तुला आजवर हे दोन वेगळे करून सांगितलेले नाही, एवढा दोष त्यांचा.

तुझी अडचण बहुधा अशी आहे की तू सराव भरपूर करतोस आणि खेळतोस फार कमी. ड्रिल करून ले-अप (धावत जाऊन बास्केटजवळून टाकलेला चेंडू) सुधारतो. मागून कोणी अंगावर येत असताना, चेंडू टाकण्यासाठी मिळणारे २४ सेकंदांचे घड्याळ संपत आलेले असताना काय करायचे, हे मात्र सामन्यातच कळते. महाविद्यालयाचा संघ तुला तो सामना देत नसेल तर बाहेर शोध. मुंबईत त्याची वाण नाही. नागपाड्याच्या मस्तान तलावाच्या मैदानावर किंवा माटुंग्याच्या इंडियन जिमखान्यात संध्याकाळी जाऊन उभा राहा. भारताचे कर्णधारपद भूषवलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर नागपाड्याच्याच मातीतले. अशा मैदानांवर कोणी तुला तुझे महाविद्यालय विचारत नाही. सुरुवातीला आठवडाभर बाहेर उभे राहावे लागेल. मग एके दिवशी एक जण कमी पडेल आणि हाक येईल. तिथे डोंबिवलीच्या शेवटच्या गाड्यांचा विचार करून जायचे, हे तुला सांगायला नको.

आता खुर्चीवरच्या वेळेविषयी. सामन्यात पाणी देणे आणि टाळ्या वाजवणे एवढेच काम तू समजत असशील तर ती ३६ मिनिटे वाया जातात. ज्याच्या जागी तू जाणार आहेस, त्याच्यासमोरचा खेळाडू पाहा. तो उजव्या हातानेच आत घुसतो का? पास देण्याआधी त्याची नजर कुठे जाते? दमल्यावर तो उडी न मारता शूट करतो का? तिसऱ्या क्वार्टरमध्ये तुला हाक आली आणि आत गेल्यावर पहिल्याच चेंडूला तू त्याला डावीकडे ढकललेस, तर सरांच्या ते लक्षात राहते. अंगात ट्रॅकसूट आणि पायात सैल नाडी घेऊन बसलेल्या मुलाला मात्र हाक येईपर्यंत शिट्टी निघून गेलेली असते.

तुला कोणी मनू जिनोबिलीचे उदाहरण दिले असेलच. खुर्चीवरून येणाऱ्यांच्या समजुतीसाठी ते हमखास देतात. ते देणारे अर्धीच गोष्ट सांगतात. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाला सुवर्णपदक जिंकून देणाऱ्या या खेळाडूला सॅन अँटोनिओ स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी सुरुवातीच्या पाचांबाहेर ठेवले आणि २००८ मध्ये त्याला सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा पुरस्कार मिळाला, हे सर्व खरे आहे. पण त्या हंगामात तो सामन्यागणिक सुमारे ३१ मिनिटे खेळत होता! तुझ्या चार मिनिटांचे दुःख त्याच्या उदाहरणाने हलके होण्याचे कारण नाही. त्यातून घ्यायचे तर एवढेच घे की तो आत आला की समोरच्या संघाच्या दुसऱ्या फळीवर तुटून पडत असे. तू उतरतोस तेव्हा समोरही बहुधा त्यांचा राखीव गार्डच असतो. त्याच्यापेक्षा तू बरा असलास तर तुझी चार मिनिटे संघाच्या फायद्याची ठरतात, आणि प्रशिक्षक तेवढे बरोबर पाहतो.

सोडायचे की नाही हे सरांशी बोलणे झाल्यावर ठरव. त्यांनी एखादी नेमकी गोष्ट सांगितली तर तिच्यावर एक सत्र काम कर. ‘बघू’, ‘मेहनत करत राहा’ असेच उत्तर दोनदा मिळाले, तर मात्र त्यांच्या मनात तुझ्यासाठी काम ठरलेले नाही असे समज. मग महाविद्यालयाऐवजी एखाद्या क्लबसाठी खेळण्यात काहीही कमीपणा नाही, आणि पहाटेची झोपही मिळेल.

प्रश्न : माझी मुलगी एफवायला असून महाविद्यालयाच्या मुलींच्या संघात आहे. बोरिवलीहून सुट्टी काढून मी तिचा सामना पाहायला गेले. तिला एक मिनिटही खेळवले नाही. ती घरी येऊन काहीच बोलली नाही. मी तिच्या मॅडमना फोन करावा का?

उत्तर : मिनिटांसाठी करू नये. मुलगी आता शाळेत नाही, आणि आईच्या फोननंतर मिळालेली मिनिटे ती संघासमोर ताठ मानेने खेळू शकणार नाही. मॅडमना फोन जरूर करावा अशी कारणे वेगळी आहेत : दुखऱ्या गुडघ्यावर खेळवले जात असेल, बाहेरगावच्या स्पर्धेत राहण्याची सोय काय आहे हे कळत नसेल, सामने उशिरा संपून परतीचा प्रश्न येत असेल, किंवा सरावामुळे वर्गातील हजेरी कमी भरत असेल. त्यांवर बोलणे हा पालकांचा हक्क आहे.

घरी ती बोलली नाही, याचे कारण तुम्ही तिथे होतात हेच असावे. खेळायला न मिळणे एक, आणि आई सुट्टी काढून आलेली असताना न मिळणे दुसरे. पुढच्या वेळी तिला आधी विचारा, ‘मी येऊ का?’ ती ‘नको’ म्हणाली तर मनाला लावून घेऊ नका. आणि गेलात तर परतताना गाडीत तुला का नाही घेतले, हा विषय काढू नका, सामन्याविषयी विचारा. त्यांची ती उंच मुलगी कोण होती, तिला तुम्ही कशी अडवणार होतात, असे काही. तिच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असेल.

प्रश्न : मी मुलींच्या संघाची कर्णधार आहे. परीक्षा आणि इंटर्नशिप यांमुळे १२ जणींच्या संघातून सामन्याला आम्ही सात-आठ जणीच असतो. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत सगळ्या दमून जातात आणि कोणी बाहेर यायलाही तयार नसते. आमच्या संघाला पूर्णवेळ प्रशिक्षक नाही, बदल मीच ठरवते.

उत्तर : तुझ्यापुढचा प्रश्न पहिल्या पत्राच्या नेमका उलट आहे, तिथे मिनिटे कमी आणि मुले जास्त, इथे २०० मिनिटांना माणसे पुरत नाहीत. आठ जणींत सरासरी २५ मिनिटे येतात, सात जणींत साडेअठ्ठावीस. त्यात ऑक्टोबरच्या उन्हात सिमेंटच्या मैदानावर दुपारचा सामना असला, तर ही मिनिटे बंदिस्त सभागृहातल्या मिनिटांच्या दीडपट वाटतात.

बाहेर यायला कोणी तयार नसते, कारण एकदा बाहेर गेले की परत कधी घेतील याची खात्री नसते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संघाला अनेक वर्षे शिकवणारे डीन स्मिथ यांनी यावर एक साधी तोड काढली होती. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची, त्याला लगेच बाहेर घेतले जाई. आणि दम खाऊन झाला की परत केव्हा जायचे, हे त्यानेच सांगायचे. मात्र मूठ वर न करता मैदानावर रेंगाळताना दिसला, तर त्याला स्मिथ बाहेर काढत आणि परत केव्हा न्यायचे ते स्वतः ठरवत. हा नियम तुमच्या संघाला उद्यापासून लावता येईल. पहिली मूठ कर्णधाराने वर करावी, नाहीतर बाकीच्या करणार नाहीत.

दुसरे, विश्रांती क्वार्टरच्या टोकाला दे. एखादीला पहिल्या क्वार्टरच्या शेवटच्या दीड मिनिटासाठी बाहेर घेतलेस आणि दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला मिनिटभर बसवलेस, तर खेळाची अडीचच मिनिटे जातात. पण मधली दोन मिनिटांची सुट्टी आणि थांबलेले घड्याळ धरून तिला प्रत्यक्षात सहा-सात मिनिटे बसायला मिळते. सामन्याच्या मध्यंतराला १५ मिनिटे असतातच. म्हणून दुसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस तुझ्या सर्वांत महत्त्वाच्या दोघींना एकाच वेळी बाहेर काढू नकोस, एकीलाच काढ. पूर्ण मैदानाचा प्रेस, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच अर्ध्यापासून गाठणे, तुम्हाला झेपणार नाही, तो सोडून द्यावा आणि झोन डिफेन्स, म्हणजे खेळाडूऐवजी आपापली जागा राखण्याचा बचाव, खेळावा. टाइमआउट पहिल्या अर्ध्यात दोन आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन मिळतात. तुम्ही ते डाव आखण्यापेक्षा पाणी पिण्यासाठी वापरलेत तरी हरकत नाही. त्यांतला एक तिसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर, सगळ्यांचे हात गुडघ्यांवर जायच्या आधी घ्यायचा.

आणि तू स्वतः खेळत असताना बदल ठरवत असशील, तर ते काम सोड. खुर्चीवर असलेल्या दोघी-तिघींपैकी एकीकडे घड्याळ आणि वही दे आणि ती म्हणेल तेव्हा बाहेर ये.